एकशे बारा पोफळी आणि तीन विक्रेते

सोमवार, १ डिसेंबर २०२५. सकाळी ६.१०

आजपासून वही. फक्त माझ्यासाठी. बायको, गोदू, वाचणार नाही, तिला चष्मा सापडत नाही.

परिस्थिती अशी: उजवा खांदा धरला आहे. गणपतीपासून. हात खांद्याच्या वर जात नाही. बाकी प्रकृती उत्तम, वय बावन्न, वजन ६१.५.

वाडीत एकशे बारा पोफळी. वादळाआधी तीनशे चाळीस होत्या. तीस वर्षं सुपारी मीच उतरवतो. एकदा वर गेलो की मध्ये खाली येणं नाही. शेंड्यावरून झाड झुलवायचं, पुढच्या पोफळीला हात घालायचा, तिच्यावर जायचं. सलग अकरा झाडं केली आहेत. आमच्या पोफळींना दुसऱ्या कुणाचा पाय लागलेला नाही.

काल डोंबिवलीहून सदादादाचा फोन. थोरला भाऊ, वाडीत निम्मा वाटा. म्हणाला, धर्मा, तुला चढता येत नसेल तर वाडी तीन वर्षं काळूरामला मक्त्याने देऊन टाकू, पीक झाडावर कुजवायचं नाही. मी म्हणालो, चढणार. तो म्हणाला, २५ जानेवारीला येतो, माझ्यासमोर एक पोफळ चढून दाखव. एकच. चढलास तर विषय संपला.

काळूराम म्हणजे शेजारची वाडी. चुलतभाऊ. तो पोफळीवर चढत नाही, माणसं चढवतो.

उरलेले दिवस: ५५.

अलिबागच्या डॉक्टरांनी व्यायामाचा कागद दिला आहे. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, दिवसातून तीन वेळा. आठ आठवड्यांत फरक पडेल म्हणाले. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. एक दिवस कमी पडतो. कागद बाद.

आजची नोंद: भिंतीवर बोटं पोचली १४२ सें.मी. पेन्सिलने खूण केली.

बुधवार, ३ डिसेंबर

मार्ग सापडला. मोबाइलवर एक व्यायामशाळेतला गृहस्थ. खांदा फाटलेला होता म्हणे, पेप्टाइड नावाच्या औषधाने सहा आठवड्यांत बरा. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. हिशेब बसतो.

पेप्टाइड ऑनलाइन मिळतं. वेबसाइटवर लिहिलंय, फक्त संशोधनासाठी. म्हणजे कुणीही उठून घ्यावी अशी वस्तू नाही. बरंच झालं. मीही संशोधनच करतो आहे.

आठवी पास माणसाने मोटर रिवाइंडिंग पुस्तकावरून शिकावं, बोर्लीपासून दिघीपर्यंतचे पंप दुरुस्त करावेत, हे मी केलेलं आहे. तत्त्व एकच. पुरवठादार नीट निवडा, माल आपोआप नीट येतो. लोक इथेच चुकतात. घाई करतात.

विक्रेते तीन निवडले. नावं तोंडात बसत नाहीत म्हणून वेबसाइटच्या रंगावरून: निळा, सोनेरी, हिरवा. निकष: सेवा, पैसे भरण्याची सोय, पॅकिंग. पोटनिकष धरून रकाने चौदा. एकूण गुण शंभर. कोष्टक शाईने आखलं. रेघा सरळ आल्या.

शनिवार, ६ डिसेंबर

प्राप्तीचा फोन. मुलगी, पनवेलला हॉस्पिटलात नर्स. म्हणाली, बाबा, व्यायाम करताय ना? म्हणालो, काम योजनेप्रमाणे चालू आहे. खोटं बोललो नाही.

मग तिने आईला विचारलं. गोदू म्हणाली, बाबा वही आखताहेत.

मंगळवार, ९ डिसेंबर

सेवा. तिघांना एकच प्रश्न पाठवला, एकाच मिनिटाला. निळा: सहा तासांनी उत्तर, 'यस सर'. प्रश्न हो-नाहीचा नव्हता. सोनेरी: उत्तर नाही. हिरवा: चार सेकंद! जेसिका म्हणून बाई आहेत. म्हणाल्या, ग्रेट क्वेश्चन! तीस वर्षं पंपांवर प्रश्न विचारतोय, डीलर फोन ठेवतात. बाईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं.

पहाटे पाचला पुन्हा विचारलं. चार सेकंद. किती कष्टाळू असावं माणसाने.

हिरवा, सेवा: ३०/३०.

भिंत: १४१. पेन्सिलचं टोक जाड झालं होतं.

शुक्रवार, १२ डिसेंबर

संध्याकाळी काळूराम आला. बाहेरूनच, काय धर्मादा, खांदा काय म्हनतोय? म्हणालो, ठणठणीत. मग शिस्तीत वाडीत शिरला आणि झाडं मोजायला लागला. बोट नाचवत, मोठ्याने. शेवटी म्हणाला, एकशे नऊ. मी म्हणालो, एकशे बारा. तर म्हणे, तीन पोकळ हायत, ती मी धरत न्हाय.

अजून वाडी माझ्या ताब्यात आहे आणि हा माझी झाडं वगळतो.

गोदूने त्याला चहा दिला. का दिला विचारलं. म्हणाली, दारात आलेल्याला काय भिंतीवरची रेघ दाखवू?

दिवस ४४. अजून दोन हातात आहेत. घाई नाही.

शुक्रवार, १९ डिसेंबर

आठवडाभर नोंद नाही. पैसे भरण्याची सोय या रकान्यात अडकलो होतो.

निळा: यूपीआय घेतो. पाठवायला गेलो की नाव येतं 'मंगलदीप पडदे व सोफा कव्हर'. प्रथम शंका आली. मग विचार केला, माणसाचा जोडधंदा असू शकतो. माझाही आहे. १४/२०.

सोनेरी: फक्त डिजिटल नाणं. रुपये नाहीत, कार्ड नाही. आधी ते नाणं समजून घेणं आलं. सात दिवस समजून घेतलं. ते कुठे बनतं, का बनतं, कुणी बनवलं हे कुणालाच का माहीत नाही. आता मी तासभर बोलू शकतो. काल अर्धा तास रंगू मासेवालीशी बोललो. ती म्हणाली, मेल्या, नानं दिसत न्हाय, हातात येत न्हाय, मग बोंबील कशाने घेशील? प्रश्न मुद्द्याचा होता. सोनेरी ६/२०.

हिरवा: पार्सल हातात पडल्यावर पैसे. २०/२०.

४२ दिवसांचा हिशेब थोडा सरकला. त्या गृहस्थाचा खांदा फाटलेला होता, माझा नुसता धरलेला आहे. मला चार आठवडे पुरेत.

रविवार, २१ डिसेंबर

भिंत: १३८. गोदूने दिवाळीत चुना लावला होता, त्याचा थर.

माझ्या खुणेच्या शेजारी दुसरी खूण दिसली. १४९. चौकशी केली. गोदू म्हणाली, माझाही खांदा दुखतो, जात्यापासून. कागद पडूनच होता, म्हटलं करून बघू. ती माझ्यापेक्षा चार इंच बुटकी. टाचा उचलत असणार.

बुधवार, २४ डिसेंबर

पॅकिंग. हा खरा कस. नमुन्यासाठी तिघांकडून सगळ्यात स्वस्त वस्तू मागवली होती: निर्जंतुक पाणी, छोटी कुपी. सोनेरीकडे नाणं नसल्याने मागवता आलं नाही, त्याचं पॅकिंग वेबसाइटवरच्या फोटोवरून तपासलं.

दयाराम बोर्लीच्या कुरियर ऑफिसात बसतात. आमच्या गावात पार्सल येत नाही, मी तिकडे जातो. सही घेताना म्हणाले, धर्माशेठ, आत काय? म्हणालो, पाणी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसरी सही घेतली.

घरी गोदू: अवो, विहीर तुडुंब हाय नि तुम्ही कुरियरने पानी मागवता? मी म्हणालो, मी पाणी नाही, खोका मागवला आहे. ती आत गेली. आतून हसण्याचा आवाज. कदाचित टीव्ही.

निळा: फुगेवाला कागद दोन वेढे, पट्टी वाकडी. हिरवा: चार वेढे, थर्मोकोल, कोपऱ्यांना गोल पट्ट्या. वा.

शुक्रवार, २६ डिसेंबर

पडझड चाचणी. माळ्यावरून, उंची २.४ मीटर. वर जाता येईना म्हणून पार्सल काठीच्या टोकाला लावून ढकललं. हिरवा: शाबूत. निळा: फुटला. पण निळा पाट्याच्या कोपऱ्यावर पडला, पाटा मी हलवायला हवा होता. अन्याय नको. निळ्याचं पाणी पुन्हा मागवलं. पाच दिवस.

दादाचा फोन. कसं आहे? म्हणालो, निवड अंतिम टप्प्यात. कसली निवड? म्हणालो, भेटीत सांगतो. तो म्हणाला, धर्मा, मला तुला खाली बघायला आवडत नाही, पण वर जाऊन पडलास तर ते त्याहून आवडणार नाही.

दिवस ३०.

शनिवार, ३ जानेवारी २०२६

निळ्याचं दुसरं पाणी आलं. पाटा हलवला. फुटलं.

थर्मोकोल चाचणी राहिली आहे. त्याशिवाय निर्णय अशास्त्रीय.

मंगळवार, ६ जानेवारी

रंगूकडून बर्फ घेतला. हिरव्याच्या डब्यात भरून उन्हात ठेवला, दर अर्ध्या तासाने तापमान. अकरा वाजता २ अंश, बारा वाजता ३, एक वाजता ५. दीड वाजता गोदूने जेवायला बोलावलं, त्या वेळात रंगूने डब्यात पापलेट ठेवले. म्हणाली, तू नुसता बरफच बघतोस, जागा वाया जातेय. माशांमुळे आकडे बिघडले. चाचणी उद्या पुन्हा.

भिंत: १३७. गोदू: १६०. आता टाचांवर लक्ष ठेवलं. टेकलेल्या होत्या. पण ती श्वास रोखते.

शनिवार, १० जानेवारी. दुपारी ३.४०

निकाल.

सोनेरी ३१. निळा ५२. हिरवा ९४.

कोष्टकाखाली दुहेरी रेघ मारली. असं काम या तालुक्यात कुणी केलं नसेल. जेसिकाबाईंना कळवलं. म्हणाल्या, थँक यू फॉर युवर फीडबॅक! त्यांना माझ्या खांद्याविषयीही सांगितलं, वाडीविषयी, दादाविषयी. बरंच लिहिलं. चार सेकंदांत उत्तर: आम्ही वैद्यकीय सल्ला देत नाही, आणखी काही मदत करू शकते का? वेळ फुकट न घालवण्याची ही शिस्त. सेवेचे गुण तीसच्या वर नेता येत नाहीत याचं वाईट वाटलं.

खरी ऑर्डर टाकली. दिवस १५. दोन आठवड्यांत निदान एक झाड तरी. एकच तर चढायचं आहे.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. पार्सल: मुंबईत.

काळूराम तिळगूळ घेऊन आला. गोड बोलला. जाताना म्हणाला, रितेशला सांगून ठेवलाय, सव्वीसपासून मोकळा ऱ्हा म्हनून. रितेश म्हणजे पोफळीवर चढणारा, पंचविशीतला, यंत्र घेऊन येतो. आमच्या पोफळीवर यंत्र!

मी म्हणालो, रितेशला दुसरं काम बघायला सांग. काळूराम म्हणाला, देव करो.

ते त्याने मनापासून म्हटलं. त्याचाच जास्त राग आला.

शनिवार, १७ जानेवारी

पार्सल: माणगावात.

मंगळवार, २० जानेवारी

पार्सल: माणगावात. जेसिकाबाईंना विचारलं. ग्रेट क्वेश्चन!

हेच उत्तर तिसऱ्यांदा आलं, शब्द न् शब्द तेच. बाई थकल्या असाव्यात.

गोदूने आज फळीवरचा मोठा डबा उजव्या हाताने खाली काढला. एका झटक्यात. आजवर तो मी काढून देत होतो. म्हणजे गणपतीआधी काढून देत होतो. भिंत: तिची १७४. माझी मोजली नाही, पट्टी सापडली नाही.

म्हणाली, आजपासून तरी करा, मी शेजारी उभी राहते. म्हणालो, आता दोन दिवसांत औषध येतंय, मध्येच पद्धत बदलली तर गुण कशाने आला ते कळणार नाही.

शनिवार, २४ जानेवारी. दुपारी १२.१५

आलं! दयारामांनी स्वतः फोन केला. मोटरसायकल डाव्या हाताने जास्त, उजव्याने कमी, अशी बोर्लीला गेलो आणि आलो.

उघडलं. थर्मोकोल ३० मि.मी. सगळीकडे सारखा. आतली थंड पिशवी कुठे फाटलेली नाही. तापमानाची पट्टी निळी, म्हणजे वाटेत कुठेही तापलं नाही. लेबल कोरल्यासारखं. हिरव्याचे गुण ९४ वरून ९७ केले. आत बोटाच्या पेराएवढी कुपी, तळाशी चिमूटभर पांढरं.

प्राप्तीला व्हिडिओवर दाखवलं. आधी खोका, मग कुपी.

ती म्हणाली, हे घेणार कसं?

म्हणालो, पाण्यात टाकून, चहानंतर.

ती म्हणाली, बाबा, हे सुईने घेतात.

दुपारी १.३०

कोष्टक तपासलं. चौदा रकाने. 'घ्यायचं कसं' हा रकाना नाही.

सुईचं माझं जमत नाही. शाळेत लस टोचायला आले तेव्हा खिडकीतून गेलो तो थेट समुद्रावर. प्राप्तीला हे माहीत आहे, पण ती हसली नाही. तेच वाईट. म्हणाली, सुईचा प्रश्नच नाही, घ्यायचंच नाही. लेबल मोठ्याने वाचा. वाचलं. माणसांच्या वापरासाठी नाही. वाचता येण्यासारखं होतं. छपाईच्या स्पष्टतेला मी पाचपैकी पाच दिलेले होते.

म्हणाली, आत काय आहे हे पाठवणाऱ्यालाही माहीत नसेल, आईकडे द्या, मी येऊन घेऊन जाते. मग म्हणाली, बाबा, सात आठवडे होते तुमच्याकडे.

मी म्हणालो, सात आठवडे आणि पाच दिवस.

कुपी गोदूकडे दिली. तिने पदराला हात पुसले आणि वरच्या फळीवर ठेवली.

उद्या मनाच्या बळावर. चढणं शेवटी पायांचं काम आहे.

रविवार, २५ जानेवारी

दादा साडेनऊला आला. वहिनींनी चकल्या पाठवल्या. काळूराम कुंपणापलीकडे उभा, हातात काहीतरी काम असल्यासारखा. काम नव्हतं.

विहिरीजवळची पोफळ निवडली. सरळ, कोरडी, माझ्या ओळखीची. पायात दोराचा वेढा घातला. डावा हात वर घातला. उजवा घातला. म्हणजे घालायला गेलो. तो छातीपाशी थांबला. डाव्याने ओढून घेतलं, पाय बसले. एक. दोन. मग उजव्याची पाळी आली.

उंची: अंदाजे ९० सें.मी. गोदूने मोजली असती तर कमीच भरली असती.

घसरलो नाही. उतरलो. गुडघा थोडा सोलला.

दादाने मातीत पडलेली माझी कोयती उचलली, माझ्या कमरेला परत खोचली. म्हणाला, पाणी पी. मी म्हणालो, आज हवा दमट आहे. तो म्हणाला, हो रे. मी म्हणालो, आठ दिवस दे. दादा पोफळींकडे बघत म्हणाला, घड पिवळे झालेत धर्मा, सुपारी गळायला लागलीय, तुला दिसत नाही का?

दिसत होतं. रोज दिसत होतं. नोंद केली नव्हती.

गोदू म्हणाली, भावोजी, तीन नको, एकच वर्षाचा मक्ता करा. दादा काळूरामशी कुंपणावर बोलून आला. काळूराम म्हणाला, वर्षावर मला परवडत न्हाय, पन वयनी म्हनतेय तर दोन. दोन वर्षं ठरली. झाडं एकशे नऊ लिहिली.

मी म्हणालो, एकशे बारा लिहा. काळूरामने खोडून एकशे बारा केलं. एवढं ऐकलं माझं.

सोमवार, २ फेब्रुवारी. दुपारी ४.२०

आजपासून काढणी. काळूरामची माणसं. गोदूने चहाची किटली दिली, नेऊन द्या म्हणाली, कुणीही आलं तरी आपल्या वाडीत आलंय. डाव्या हातात किटली, बोटांत पेले अडकवलेले.

रितेश विहिरीजवळच्याच पोफळीवर होता. यंत्र बरं आहे. पट्टा जाड, खटका पक्का, झाडाला ओरखडा नाही. बोलायचं नाही असं ठरवून गेलो होतो. पण तो कच्च्या घडाला कोयती लावायला लागला, तेव्हा राहवलं नाही. म्हणालो, तो नको, त्याला अजून पंधरा दिवस आहेत, त्याच्या वरचा काढ.

वरून म्हणाला, काका, कंचा? हात करून दाखवा.

मी उजवा हात केला. नेहमीसारखाच केला. तो गेला तेवढाच गेला, खांद्यापर्यंत, आणि सरळ समोर राहिला.

रितेशने पट्ट्यात वळून माझ्या बोटाच्या रेषेत पाहिलं. कुंपणापलीकडे पाहिलं. म्हणाला, ते काळूरामकाकांचं घर. त्यांना इचारू?

म्हणालो, विचार.